शनी वक्री होतो म्हणजे काय होते?

घरात बाबासाहेबांचा फोटो, दारावर पंचशील ध्वज आणि कपाटात मुलीची पत्रिका, हे चित्र आमच्या पनवेलच्या बौद्ध वस्त्यांत आजही दिसते. मागच्या वर्षी एका घरातली ठरत आलेली सोयरीक मोडली. दोन्हीकडचे बौद्ध, मुलगी पदवीधर. कारण काय, तर मुलीला मंगळ! तिचे वडील आम्हाला म्हणाले, "धम्म मान्य आहे हो, पण ग्रह तर आकाशात आहेतच ना?"

आहेतच. म्हणून नुसत्या बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवल्या की कार्यकर्त्याचे काम संपत नाही. ग्रह फिरतात कसे, हेही सांगावे लागते.

सूर्यमालेतले ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. तो प्रत्येक ग्रहाला आपल्याकडे ओढतो. मग ग्रह त्याच्यात जाऊन पडत का नाहीत? कारण ते आडवे धावत आहेत. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते. ओढ नसती तर ती सरळ निघून गेली असती, वेग नसता तर सूर्यात पडली असती. दोन्ही असल्याने तिची वाट सतत वळत राहते. अडवायला तिथे हवा नाही, म्हणून ४५० कोटी वर्षे हे चालू आहे.

शनी खूप लांब. त्याच्यावरची ओढ कमी, वेग कमी, वाट मात्र मोठी. एका फेऱ्याला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींनी भागा, एका राशीत अडीच वर्षे. तीन राशींची साडेसात. साडेसाती म्हणतात ती हीच. या भागाकारात कोप कुठे आहे?

आणि वक्री? एक्स्प्रेस-वेने पुण्याकडे निघा. शेजारच्या लेनमधल्या ट्रकला आपली गाडी ओलांडते तेव्हा तो लांबच्या डोंगरापुढून मागे सरकल्यासारखा दिसतो. ट्रक रिव्हर्समध्ये गेला असे कुणी म्हणत नाही, त्याची शांतही करत नाही. पृथ्वी आतल्या वाटेने दरवर्षी शनीला ओलांडते, तेव्हा साधारण साडेचार महिने तो ताऱ्यांपुढून उलटा जाताना दिसतो. एवढेच.

आता मुलींच्या मुळावर उठलेला मंगळ. पत्रिकेत घरे बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मुलगी मंगळी. बारापैकी पाच घरे, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक मुली! पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून सगळे आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते आणि सुमारे दोन तासांनी मंगळाचे घर बदलते. प्रसूती दोन तास लांबली असती तर कदाचित हीच मुलगी निर्दोष ठरली असती. मुलांनाही मंगळ असतो, पण स्थळे मोडतात ती बहुधा मुलींची. आम्ही समाजशास्त्र शिकलो ते याच प्रश्नांसाठी.

डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी २००८ मध्ये सहकाऱ्यांसोबत ज्योतिष्यांची चाचणी घेतली. पत्रिका पाहून हुशार मूल कोणते आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम कोणते, एवढेच सांगायचे होते. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती.

ग्रहताऱ्यांवरून भाकिते करून पोट भरणे ही मिथ्या आजीविका, असे ब्रह्मजालसुत्तात आहे. तरीही पत्रिका जुळवून ठरलेल्या लग्नात आपले बौद्धाचार्य मंगलगाथा म्हणतात. त्यांनी आधी विचारावे आणि पत्रिका पाहिली असेल तर उठून यावे, असे आमचे म्हणणे. काही ज्येष्ठांना हे टोकाचे वाटते, आणि पनवेलमध्ये आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.