टोकावरचं घर

स्कॉटलंडच्या नकाशात मुख्य भूमीचं वायव्येचं अगदी शेवटचं टोक शोधा. तिथे ‘केप रॅथ’ असं बारीक अक्षरांत सापडेल. इंग्रजीत ‘रॅथ’ म्हणजे क्रोध, आणि खालचा समुद्र पाहिला की ते पटतंही. पण मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ ‘वळण’. व्हायकिंग खलाशी इथून गलबतं वळवीत.

लेकीकडे गेलो असताना आम्ही दोघं तिथे जाऊन आलो. आधी डर्नेसजवळची खाडी लहानशा होडीतून ओलांडायची. मोटार अलीकडेच ठेवायची. पलीकडे मिनीबस मिळते. अकरा मैलांना तासभर लागतो, यावरून रस्ता कसा असेल ते ओळखा! मधल्या ओसाड माळावर लष्कराचा गोळाबारीचा सराव चालतो. तेव्हा वाट बंद. होडीही फक्त उन्हाळ्यात, तीसुद्धा वाऱ्याची मर्जी असेल तर. म्हणून चौकशी करूनच निघा, आणि डबा, पाणी, कानटोपी विसरू नका. ह्यांनी कानटोपी घेतली नाही, मग माझी शाल डोक्याला गुंडाळून बसले!

दीपगृह १८२८ सालचं, रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेलं. (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे स्टीव्हन्सन त्यांचे नातू.) मनोरा तसा ठेंगणा, २० मीटरचा, पण कड्यामुळे दिवा समुद्रापासून १२२ मीटर उंच.

मी मात्र मनोरा सोडून शेजारच्या रखवालदारांच्या घरांकडेच बघत राहिले. इथे संसार झाले हो! पीठ-साखर संपली तर शेजारीण कुठली? पोर रात्री तापलं तर डॉक्टर खाडीपलीकडे. नवरा रात्रभर दिव्यापाशी जागा, म्हणजे दिवसा त्याला झोप हवी. बाहेर वारा घोंघावणार, मग मुलांनी खेळायचं ते त्याच चार खोल्यांत. ह्यांची रात्रपाळी असताना दोन खोल्यांत मुलांना गप्प ठेवण्यात माझी दहा वर्षं गेली. त्या बाईचं नाव कुठल्या पाटीवर नाही, पण ती मला चांगली ओळखू आली.

१९९८ साली दिवा स्वयंचलित झाला आणि रखवालदार गेले. दिवा अजून लागतो. त्याच्यासाठी कुणी जागत नाही.

परतताना बसमध्ये ह्यांना विचारलं, “तेव्हा दिवसा झोप लागायची का हो?”

“कुठली! तुझं ‘हळू बोला, हळू बोला’ ऐकत पडायचो.”