हुकमी व्यायाम

व्यायामाचे प्रकार दोन. एक शिट्टी वाजली की सुरू होतो. दुसरा सुरूच होत नाही. पहिला शाळेत असतो, दुसरा शाळा सुटल्यावर.

पुसदच्या उन्हात आमच्या पी.टी.च्या सरांनी ‘सावधान!’ म्हटलं की नाकावरची माशीदेखील पंख मिटून घेई. एक, दोन, तीन, चार. हात आमचे, किल्ली सरांजवळ. उंच उडीची दोरी छातीएवढी. पहिल्याच फेरीत अडेल तो झाडाखाली. म्हणजे उडीची गरज ज्याला सर्वांत जास्त, विश्रांतीही त्यालाच सर्वांत जास्त! आता डॉक्टर म्हणतात, रोज पूस नदीच्या पुलापर्यंत चाला. बूट आणून दोन महिने झाले. पाय हुकमाची वाट बघताहेत.

आता तुम्ही म्हणाल, शिस्त नको का? हवीच. गोळाफेक चालू असताना पोरांना मन मानेल तसं हिंडू दिलं, तर शिकायला उरेल कोण? पण आखाड्यातला वस्तादसुद्धा डाव दाखवतो आणि ‘आता करून पाहा बे’ म्हणून जोडीला सोडून देतो.

मस्का मॉस्टन नावाच्या गृहस्थांनी १९६६ साली व्यायाम शिकवण्याच्या पद्धतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. एका टोकाला सगळं सर ठरवणार. तिथून सरकत सरकत ठरवण्याचं काम विद्यार्थ्याकडे. त्यांची दोरी मला फार आवडली. ती तिरपी बांधायची! ज्यानं त्यानं आपापली उंची निवडावी.

मागच्या रविवारी मी अंगणात तशी दोरी बांधली. एक टोक नळाला, दुसरं खिडकीच्या गजाला. गल्लीतली पोरं जमली. शाळेत कायम झाडाखाली बसणारा एक गोलमटोल गडी नळाच्या बाजूनं सहज पलीकडे गेला. मग कुणी न सांगता वीतभर वर सरकला. अडला. मागं गेला, लांबून धावत आला, आणि गेला पलीकडे! पुन्हा वीतभर. अंधार पडला तरी घरी जाईना. शिट्टी नाही, आकडे नाहीत. हिशेब त्याचा तोच ठेवत होता.

एवढ्यात सौभाग्यवती दारात आल्या. “नुसते उभे राहून काय पाहून राह्यले? मारा नं तुम्ही बी उडी!”

हुकूम सुटला. मी मारली.

अर्थात, नळाच्या बाजूनं.