दवाखान्याची किल्ली

आमच्या ओटीवरच्या खुंटीला तीन वस्तू असत: आजोबांची टोपी, विहिरीचा दोर आणि दवाखान्याची किल्ली. पहिल्या दोन रोज हलत. किल्ली हलायची ती डॉक्टर आले तर.

दवाखाना आमच्या परसाला लागूनच. दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. आत एक लोखंडी खाट, काचेचं कपाट आणि वजनकाटा. पावसाळ्यात मुंबईहून मांडव्याला येणाऱ्या लाँची बंद झाल्या की डॉक्टरही बंद. मग पडवीत कुणाची जाळी, कुणाची व्यायलेली शेळी. गाव त्या इमारतीला ‘बंद दवाखाना’च म्हणायचं, जणू पाटीवर तेच नाव होतं. रात्री पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे दिसत. तिथे मोठमोठी इस्पितळं आहेत हे आम्हांला ठाऊक होतं, आणि हगवण लागलेलं पोर घेऊन आषाढात पलीकडे जाता येत नाही हेही.

सत्तरच्या दशकात जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया आमच्या पट्ट्यात येऊ लागले. कुष्ठरोग्यांची वाकडी बोटं सरळ करणारे हे पारशी डॉक्टर. १९७५ साली त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था काढली. मांडव्याच्या कामात सुमारे तीस गावं होती. अंतियांचं म्हणणं साधं होतं: गावातली बहुतेक दुखणी गावातलीच बाई सांभाळू शकते, मग ती फार शिकलेली नसली तरी चालेल.

माझी आई चौथी पास. ती संस्थेच्या अशा बायांत गेली तेव्हा आजोबा म्हणाले, “सून डाकतर झाली, आता भात कोण लावणार?” भातही तिनेच लावला. पण किल्ली खुंटीवरून तिच्या कमरेला गेली.

दवाखाना संध्याकाळी उघडू लागला, कारण बाया तेव्हाच मोकळ्या. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते आई चुलीपाशी बसून दाखवायची. अंगावर चट्टा दिसला की कोंबडीचं पीस फिरवून “लागतं का?” विचारायची. तिला इमारतीचं फारसं कौतुक नव्हतं. अर्धं काम लोकांच्या ओट्यांवरच उरकतं, म्हणायची. इमारतीचा खरा उपयोग तिला सापडला तो मागच्या दारात. खोकला लांबलेली माणसं पुढून येत नसत. क्षय म्हटलं की शेजारी पाणीसुद्धा लांबून द्यायचे. म्हणून आई आमच्या परसातून मागचं दार उघडं ठेवायची. अंधार पडला की केळीआडून कुणीतरी यायचं. आम्हां पोरांना ताकीद होती: कोण आलं ते बघायचं नाही. मी बघायचो, पण बोललो कधीच नाही.

पुढे ते काम थांबलं. मांडव्याच्या अनुभवावर अंतियांचा लेख १९८८ साली प्रसिद्ध झाला, पण आई तो वाचणार कशी, तो इंग्रजीत. तिला एवढंच कळत होतं की अडाणी बाई औषध देते आणि वर प्रश्नही विचारते, हे काहींना सोसत नाही. तिने किल्ली खुंटीला परत लावली. तिथून ती माझ्याबरोबर मुंबईला आली, बटणांच्या डब्यात. माझ्या मुलाने ती घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून पाहिली.

२०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. आता मोटारीच बोटीत बसून येतात. बंगले झाले, पोरं कामाला शहरात, मागे म्हातारी माणसं. गेल्या वर्षी शेजारची सून, गावची आशा स्वयंसेविका, हिने पंचायतीच्या मागे लागून बंद दवाखान्याची कौलं शाकारून घेतली. दर मंगळवारी तिथे रक्तदाब, साखर, कुणाची जखम, कुणाच्या गोळ्यांचा हिशेब. तिने मला फोन केला, “दादा, किल्ली तुमच्याकडे आहे म्हणे.” जुनं कुलूप केव्हाच तुटलं होतं, चौकट वाळवीने खाल्लेली. तरी मी ती खिशात टाकून रो-रोने गेलो.

ऐंशीला टेकलेल्या आईला पडवीतल्या खुर्चीवर बसवलं होतं. तिने रुग्णांची वही उलटसुलट पाहिली, दोन नावांवर बोट ठेवून “हा कधी येणार नाही, घरी जा” म्हणाली. मग आत डोकावली.

“मागच्या दाराला काय लावलंस गो?”

“कुलूप, काकू. चोरीचं भ्या.”

“ते काढ.”