लालबाग ते गिरगाव : एका टायरचा शोध

26 मे 2025, सोमवार. त्या दिवशी मान्सून मुंबईत आला. याआधी तो 29 मेच्या आत मुंबईत पोहोचल्याची नोंद हवामान खात्याकडे नव्हती. मी मोठ्या मुलीला मोटरसायकलवर मागे बसवून दादरहून भायखळ्याला घरी येत होतो. हिंदमाताला पाणी चढू लागले होते, ते कसेबसे ओलांडले. परळ मागे पडले. लालबागला पुलाखाली सिग्नल लाल झाला, मी ब्रेक लावला. पुढचे चाक थांबले. मागचे थांबेना. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ते साबणाच्या वडीसारखे डावीकडे निसटले आणि आम्ही दोघे आडवे झालो.

वेग फार नव्हता. अल्हम्दुलिल्लाह, मागून बसही येत नव्हती. मुलीचा गुडघा खरचटला, माझा कोपर. चिवडा गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दोघांनी गाडी उचलली, एकाने पाणी आणून दिले. मुलगी रडली नाही. पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "अब्बा, मी करी रोडहून ट्रेनने जाते." खरोखर गेली. मी एकटा गाडी ढकलत घरी आलो.

बकरी ईद 7 जूनला होती. चिपळूणजवळच्या आमच्या गावी जायचे होते. कोकण रेल्वेची तीनच तिकिटे मिळाली होती: अम्मी, पत्नी आणि धाकटा. मी आणि मोठी मोटरसायकलने जाणार, असे महिनाभर आधी ठरले होते. आता ती "बघू" म्हणू लागली. सतरा वर्षांच्या मुलीचे "बघू" म्हणजे काय, हे घरात मुलगी असलेल्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या मिस्त्रींकडे गेलो. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या वडिलांनी हा धंदा धरला, आता ते स्वतः साठीला आले. त्यांनी चाकावरून अंगठा फिरवला. "सर, गोटा झालाय. पण मधूनच. कडा बघा, अजून नवीन आहेत."

खरेच तसे होते. शहरात सरळ रेषेत गाडी चालवून टायरचा मधला भाग चपटा झाला होता आणि कडेची नक्षी तशीच. मी रोज कडेकडे बघून "अजून चालेल" म्हणत होतो. मिस्त्रींनी टायरच्या बाजूला एक छोटा त्रिकोण दाखवला. त्या त्रिकोणाच्या सरळ वर, खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायरचे आयुष्य संपले. माझा टायर त्याच्याही खाली गेला होता. 2021 च्या दिवाळीत घेतलेला, 28,000 किलोमीटर चाललेला. "स्वस्तात घेतला आणि साडेतीन वर्षे चालवला," असे मी स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगितले होते, तोच हा टायर.

टायरच्या खाचा म्हणजे रस्त्यावरचे पाणी बाजूला काढणारी गटारे. गटार तुंबले की हिंदमाताला जे होते, तेच खाचा झिजलेल्या टायरखाली होते: पाण्याला वाट नाही, मग चाक रस्त्याला न टेकता पाण्यावर टेकते. आणि टेकते तरी किती? एका चाकाचा रस्त्याशी संबंध तळहाताएवढ्या जागेचा असतो. त्या जागेवर गाडी, मी, माझी मुलगी.

पण नुसती नक्षी बघून भागत नाही, रबरही बघावे लागते. शाळेतल्या खोडरबराचे उदाहरण घ्या. एक कडक, स्वस्त खोडरबर असते. वर्षभर संपत नाही, पण अक्षर पुसायचे तर कागद फाटतो. दुसरे मऊ असते. एका फटक्यात पुसते आणि दोन महिन्यांत बोराएवढे उरते. टायरचे नेमके तसेच आहे. कडक रबर जास्त किलोमीटर देते, ओल्या रस्त्यावर मात्र धरत नाही. मऊ रबर धरते आणि लवकर झिजते. रबरात सिलिका मिसळली तर ओल्यात पकड सुधारते, पण किंमत वाढते. काही टायरांत मधला पट्टा कडक आणि कडा मऊ ठेवतात. सरळ रस्त्यावर टिकावे आणि घाटातल्या वळणावर गाडी कलली की धरावे, हा त्यामागचा हिशेब. तिन्ही गोष्टी, म्हणजे पकड, टिकाऊपणा आणि कमी किंमत, एकाच टायरात पूर्ण मिळत नाहीत. दुकानदार मिळतात म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जावे.

मी गुरुवारी तेच केले. लालबागहून निघून परळ, दादर आणि शेवटी गिरगाव.

या रस्त्यांना दुचाकीवाल्याच्या नजरेने कधी पाहिले आहे का? एरवी आपण गिरणगाव बघतो ते चिमण्यांसाठी, मिरची गल्लीच्या ठसक्यासाठी, शाहीर अमर शेखांचा डफ ज्या मैदानांनी ऐकला त्यांच्यासाठी. त्या दिवशी मी फक्त खाली बघत होतो. डांबर, मग सिमेंट, मग पेव्हर ब्लॉक, मधेच गटाराचे लोखंडी झाकण, पुन्हा डांबर. दोन किलोमीटरमध्ये सहा वेळा रस्ता बदलतो आणि दर वेळी टायरला नव्याने पकड शोधावी लागते. दादर टीटी म्हणजे दादर ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली, पण नाव राहिले. रूळ गेले आणि निसरडे लोखंड झाकणांच्या रूपाने राहिले.

परळच्या दुकानात मला पहिला भाव कळला. माझी गाडी 2018 ची पल्सर 150, मागच्या टायरचा माप 100/90-17. म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 90 टक्के, आणि रिम 17 इंची. त्यापुढे 55P असे लिहिलेले असते. 55 म्हणजे हा टायर 218 किलो भार पेलू शकतो, P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. वेगाशी मला देणेघेणे नाही, पण दोन माणसे आणि ईदचे सामान म्हटल्यावर भाराचा आकडा मी नीट वाचला. एक नंबर रुंद टायर बसवा, गाडी दणकट दिसेल, असा सल्ला तिथे मिळाला. नको म्हटले. रिम तेवढीच असताना रुंद टायर बसवला की त्याचा आकार बिघडतो आणि वळणावर गाडी विचित्र वागते.

दादरला एका पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो. केरळचा माणूस, पंचवीस वर्षे मुंबईत. सलाम झाला, चहा झाला. त्याची उर्दू त्याची स्वतःची आहे, पण धंद्याची गोष्ट त्याने चोख सांगितली. ट्यूबलेस टायरात खिळा घुसला तर हवा सहसा हळूहळू जाते, गाडी सावरायला वेळ मिळतो. ट्यूबवाल्यात ट्यूब फाटली की क्षणात बसते. मग त्याने विचारले, "मागे कुणी बसलं तर हवा वाढवता का?" मी गप्प. माझ्या गाडीला मागच्या चाकात एकट्यासाठी 28 आणि दोघांसाठी 32 पौंड हवा सांगितली आहे. सात वर्षांत मी ती कधी वाढवली नव्हती. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि लवकर झिजतो. महाग टायर घेऊन हवा न बघणे म्हणजे नवी चप्पल घेऊन तिचा बंद न लावणे.

दादरहून गिरगावकडे येताना जे. जे. पुलाचा प्रश्न येतो. पुलाला नाव कुत्बे-कोकण मखदूम अली माहिमी यांचे. कोकणातला मी, कोकणचे हे वली, आणि त्यांच्या नावाच्या पुलावर माझ्या वाहनाला बंदी! दुचाकींनी खालून, मोहम्मद अली रोडच्या गर्दीतून जायचे. कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवरही बंदी. शहरातले गुळगुळीत रस्ते मोटारींना आणि उरलेले आपल्याला. तक्रार नाही करत, अपघातांचे कारण खरे आहे. पण मग टायर निवडतानाही तो या उरलेल्या रस्त्यांसाठी निवडायला हवा, एवढेच.

हे गिरगावात फारच उपयोगी पडले. ऑपेरा हाऊसच्या आसपास गाड्यांच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. 1911 साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते ज्या नाट्यगृहाचे उद्घाटन झाले, त्याच्या सावलीत आज क्लच प्लेटा आणि साखळ्या विकल्या जातात. तिथल्या एका दुकानात भिंतभर मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर टांगले होते. लडाखला जाणारी तरुण मुले ते घेतात. दिसतात झकास. विक्रेता म्हणाला, "कोकणात जाताय ना, कच्चा रस्ता, हाच न्या." क्षणभर माझे मन गेले, खोटे का बोलू? मग हिशेब केला. गावचा कच्चा रस्ता शेवटचे चार किलोमीटर, उरलेले अडीचशे डांबर आणि सिमेंट. ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे ओल्या सिमेंटवर रबर कमी टेकते. मातीत तो टायर राजा, लालबागच्या सिग्नलला नाही.

दुसऱ्या एका दुकानात हवा तो टायर 300 रुपये सवलतीने मिळत होता. मिस्त्रींनी बजावले होते, म्हणून मी बाजूवरचे चार आकडे शोधले. 4221. म्हणजे 2021 सालचा 42 वा आठवडा. माझा जुना टायर घेतला तेव्हाच हाही जन्मला होता, फक्त दुकानात बसून म्हातारा झालेला. रबर न वापरताही कडक होत जाते. मी टायर परत ठेवला, दुकानदार म्हणाला, "सर, एवढं कोण बघतं?" आयएसआय चिन्हाइतकेच हे चार आकडेही बघावेत, अशी माझी वाचकांना विनंती.

संध्याकाळी घरी वहीत तीन ओळी मांडल्या. आयुष्याचे आकडे दुकानदार आणि मिस्त्रींच्या अंदाजाचे, माझ्या गाडीपुरते. कडक टायर 2,100 रुपये, चालेल 24,000 किलोमीटर: किलोमीटरला पावणेनऊ पैसे. मधला, सिलिका असलेला, 2,700 रुपये, 18,000 किलोमीटर: 15 पैसे. मऊ 3,400 रुपये, 14,000 किलोमीटर: 24 पैसे. (तेव्हा टायरवर 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला आहे, त्यामुळे आता भाव याहून कमी लागावा.)

गावची जाऊन-येऊन फेरी 500 किलोमीटर. कडक आणि मधल्या टायरात फरक पडतो 31 रुपये 25 पैशांचा. वर्षाला मी 8,000 किलोमीटर चालवतो, तर वर्षाचा फरक 500 रुपये. मी ती वही बराच वेळ बघत बसलो. साडेतीन वर्षे मी ज्या बचतीवर खूश होतो, ती महिन्याला 42 रुपयांची होती.

पत्नीने वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अहो, प्रेषितांनी (स.) त्या माणसाला आधी उंट बांधायला सांगितलं, तवक्कुल नंतर. तुम्ही दोरीत काटकसर केलीत." मी वर्गात ही हदीस किती वेळा सांगितली असेल!

मधला टायर घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या मापात त्याच कंपनीचा माल वेगळा निघू शकतो. एवढे सांगतो की परदेशी नावाच्या मागे धावण्याची गरज पडली नाही. सिएट ही कंपनी 1924 साली इटलीत, तुरिन शहरात सुरू झाली, 1958 साली मुंबईत आली, आणि आज तिचे मुख्यालय वरळीला आहे, दुचाकीचे टायर नागपूरजवळ बुटीबोरीला बनतात. मद्रासची एमआरएफ 1946 साली खेळण्यातले फुगे बनवून सुरू झाली. आपल्या पावसाची, आपल्या खड्ड्यांची या कंपन्यांना चांगली ओळख आहे. पल्सरसारख्या गाडीला रेडियलचा खर्चही लागत नाही.

मिस्त्रींनी टायर बसवला. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे मला दाखवून घेतले. नवा वॉल घातला, त्याचे पन्नास रुपये वाचवू नका म्हणाले. पुढचा टायर तपासला, त्याची नक्षी आणि तारीख दोन्ही ठीक होती. "पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून, सर. नवीन टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो." म्हणून निघायच्या आधीचे पाच दिवस मी शहरातच गाडी फिरवली. शेवटच्या दिवशी मुलगी खाली आली, हेल्मेट घालून. काही बोलली नाही, बसली. आम्ही लालबागपर्यंत गेलो. सिग्नल लाल झाला, पट्टे ओले होते. गाडी जागच्या जागी थांबली. तिच्या हाताची पकड माझ्या खांद्यावर थोडी सैल झाली.

5 जूनला फजरनंतर निघालो. सफरची दुआ तिने म्हटली, मी आमीन म्हटले. अटल सेतू आपल्यासाठी नाही, म्हणून चेंबूर, वाशी, पनवेल. पेणच्या पुढे पावसाने गाठले आणि माणगावपर्यंत सोडले नाही. पोलादपूरला चहाला थांबलो. मी ग्लास घेऊन टपरीच्या आडोशाला उभा राहिलो, तर ती पावसात मागच्या चाकाशी वाकून अंगठ्याने टायर दाबत होती.

"अब्बा, हवा 32 आहे ना?"

"निघताना भरली होती."

"काटा आणलाय का?"

आणला नव्हता. चिपळूणला पोहोचल्यावर पहिल्याच दुकानातून तिने तो मला घ्यायला लावला. दीडशे रुपये. मी भाव केला नाही.