एकसष्टच्या आधीचा कागद

आम्ही वडार. सरकारच्या यादीत विमुक्त जाती. जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीपासून घराणं महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. त्या वर्षी आजोबा कुठल्या शिवारात विहीर खणत होते, हे कोण लिहून ठेवणार?

दिघ्याला ते आले 1972च्या दुष्काळानंतर. ठाणे-बेलापूर रस्त्याकडेला कारखाने उठत होते, पारसिकच्या डोंगरात सुरुंग लागत होते, खडीला मागणी होती. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून, गुरुजींनी ठरवलेली. वस्तीतली निम्मी माणसं त्याच दिवशी जन्मली आहेत.

ज्याची जमीन, त्याचं दप्तर. सातबारा, फेरफार, जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14... गाव धरून राहणाऱ्याच्या चार पिढ्या तहसिलीत सापडतात. आमच्यात पोर एका गावात जन्मायचं आणि रांगायचं दुसऱ्यात. त्या मानाने मॉरिशसला गेलेले मजूर भाग्यवान म्हणावेत का? 1834 पासून तिकडे गेलेल्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज. करारातला माणूस पळाला तर ओळखू यावा, एवढीच ती आस्था. आजोबांचा करार मुकादमाशी, तोही तोंडी.

कागद सापडला तो त्यांच्या थोरल्या भावाचा, सोलापूरकडच्या एका शाळेच्या जनरल रजिस्टरात. बोरूने काढल्यासारखं ठसठशीत अक्षर, कडा वाळवीने खाल्लेल्या. जात 'वड्डर'. शाळा सोडल्याचं कारण: 'आईबाप परगावी गेले'. एका ओळीत घराण्याचा सगळा इतिहास आला.

तरी दाखल्याच्या पडताळणीसाठी दक्षता पथक घरी आलंच. कुलदैवत कोणतं, लग्नात काय करता, घरात कसं बोलता? आजीने आमच्या तेलुगू वळणाच्या बोलीत असा सपाटा लावला की साहेबांचं पेन थांबलं.

प्रतिज्ञापत्रावरच्या वंशावळीत मात्र तिला जागा नाही. तिथे रेघा बापाकडून मुलाकडे उतरतात. घण आजोबांचा असेल, पण खडीच्या पाट्या आजीनेच वाहिल्या.

जात वैधता मिळाली तशी कधी न पाहिलेली भावकी जागी झाली. रक्ताच्या नात्यातला पुरावा चालतो ना! झेरॉक्ससाठी फोन येतात, मी पाठवतोही. पाठवण्याआधी एक विचारून घेतो, तुमच्या आजीचं माहेर कुठलं? बहुतेक जण म्हणतात, आईला विचारून सांगतो. एका पुतण्याने खरंच विचारून सांगितलं.