व्रत माझे, ताट मुलांचे

दुकानाचा हिशेब आपण रोज रात्री पाहतो. शिक्षकानेही आपल्या श्रद्धांचा हिशेब असाच नित्य पाहावा, असे मला वाटते. कारण पाठ्यपुस्तकातील धडा मुले विसरतात. बाईंच्या कपाळावर आठी कशाने पडली, हे मात्र त्यांच्या ध्यानात राहते.

मी व्यापारी जैन कुटुंबात वाढले आणि मुळशी तालुक्यातील रिहे येथे मुलांना शिकविते. हा भातशेतीचा प्रदेश. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे पकडणे हा येथील मुलांचा मोठा आनंद. वर्गात आहाराचा विषय निघाला, तेव्हा भात, नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा ही नावे त्यांनी सारख्याच उत्साहाने सांगितली. मीही ती फळ्यावर सारख्याच अक्षरांत लिहिली. तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, तुम्ही खेकडे खात नाही. मग आम्ही खातो ते पाप का?"

"जीव दुखवू नये म्हणून मी हे व्रत घेतले आहे. तुझ्या घरच्या चुलीला मी नावे ठेवणार नाही," असे मी उत्तर दिले. त्यावर मागचा एक मुलगा म्हणाला, "पिल्लं असलेली खेकडी आमचे आजोबा परत ओढ्यात सोडतात." दया केवळ आपल्याच घराण्यांत नांदते, या समजाला ते एक वाक्य पुरेसे होते. प्रवचनात ऐकलेला अनेकान्त त्या दिवशी वर्गात भेटला.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि ते न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबला. आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटले. माझ्या मनात मात्र प्रश्न उरला: ताटातून जे गेले, त्याच्या जागी आपण काय वाढले? माझ्या व्रताचे मोल दुसऱ्याच्या लेकराने का चुकवावे?

अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. साताऱ्यात १९२४ साली त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. संस्कारांतील करुणा त्यांनी जपली आणि रूढीतील विटाळ नाकारला. ही निवड आंधळेपणाने होत नाही. त्यासाठी स्वतःलाच प्रश्न विचारावे लागतात.

व्रत स्वेच्छेने घेतले तरच ते व्रत. दुसऱ्यावर लादले की तो केवळ निर्बंध होतो. अहिंसेचा अर्थ 'हे खाऊ नका' एवढाच राहिला, तर तो अर्धाच होय. उरलेला अर्धा अर्थ आपल्या हाती आहे. जवळच्या शाळेला वर्षभराचे शेंगदाणे, गूळ, कडधान्ये वा दूध पुरविणे आपल्या पेढ्यांना जड नाही. ताट भरल्यावर मूल आपण होऊन विचारील, "बाई, तुमचे व्रत कसे असते?" तेव्हा सांगण्यात गोडी आहे.