शाकारणी

काही माणसांना देवळे पाहण्याची हौस असते, काहींना किल्ले चढण्याची. माझी हौस जरा ओशाळवाणी आहे. मला ओसाड वाडे पाहायला आवडतात. पुण्याच्या पेठांतून जाताना एखाद्या वाड्याची दिंडी अर्धवट उघडी दिसली आणि आत कुणाची चाहूल नसली, की माझी पावले आपोआप मंदावतात. हातातल्या भाजीच्या पिशवीसकट मी तसाच आत शिरतो. दिंडीतून जायचे म्हणजे वाकावेच लागते. पूर्वी ते वाकणे घरधन्याच्या मानाचे असेल. आता घरधनी उरला नाही, पण दिंडीने आपली अट सोडलेली नाही.

हा छंद आमच्या घरात कुणालाच पसंत नाही. ‘साप चावेल’ असे सौभाग्यवतींचे मत, ‘पोलीस धरतील’ असे चिरंजीवांचे. आजवर दोघांचेही भाकीत खोटे ठरले आहे. एका माडीवर बाळंतीण मांजर अंगावर फिस्कारली आणि एकदा कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला जागेचा दलाल समजून भाव विचारला, एवढीच काय ती संकटे.

इतक्या वर्षांच्या भटकंतीने माझे काही नियम ठरून गेले आहेत. पावसाळ्यात जायचे नाही. जिना चढताना पाय भिंतीच्या बाजूला टाकायचा, पायरीच्या मधोमध नाही. माडीवर चालायचे तर खालच्या तुळईचा अंदाज घेऊन तिच्याच रेघेवरून चालायचे. दोन तुळयांमधल्या फळीवर विश्वास टाकायचा नाही. सज्जाच्या कठड्याला टेकायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काहीही उचलायचे नाही. एक खिळासुद्धा नाही.

‘पण तिथे पाहण्यासारखे असते तरी काय?’ असे आपण विचाराल. खरे सांगायचे तर पाहण्यासारखे फारसे नसते, वाचण्यासारखे पुष्कळ असते. माजघराच्या तुळईला पाळण्याची कडी तशीच लोंबत असते. स्वयंपाकघराची एक भिंत काळी कुळकुळीत, त्या काळोखीत हात भरून ठेवल्यासारखा एक कोनाडा. जमिनीत पुरलेल्या उखळात पावसाचे पाणी आणि पिंपळाची पाने. भिंतीवर पेन्सिलीने दुधाचा हिशेब, चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी. दाराच्या चौकटीवर कुणा मुलाची वाढती उंची, एका रेघेपाशी अचानक थांबलेली. मूल वाढायचे थांबले नसेल, बिऱ्हाड हलले असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. काही वाड्यांच्या चौकांत हौद असतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने गावात आणलेले पाणी अशा हौदांत खेळत असे. आता त्यांत मोडक्या खुर्च्या असतात. नारायण पेठेतल्या एका वाड्यात तर छातीइतक्या उंचीवर विटकरी रेघ आहे आणि तिच्याशेजारी खडबडीत अक्षरांत लिहिले आहे, ‘पाणी इथपर्यंत, १२-७-१९६१’.

वाड्यांचा विषय निघाला की पुणेकर शनिवारवाड्यापासून सुरुवात करतो. १७३० साली त्याचा पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली आणि १८२८ साली आग लागून तो जळाला. मोठ्या वाड्यांना असे तारीखवार मरण येते. पानशेतचे धरण फुटले त्या दिवशी नदीकाठच्या पेठांतले पुष्कळ साधे वाडे गेले. त्यांनाही निदान तारीख मिळाली. उरलेल्यांचे काय? ते कधी ओसाड झाले, हे कुणालाच सांगता येत नाही. मी खूपदा आजूबाजूला विचारून पाहिले आहे. ‘हा वाडा कधीपासून रिकामा आहे हो?’ म्हटले की समोरचा वाणी वजनाचा काटा हातात धरून विचारात पडतो आणि म्हणतो, ‘तसा एकदम नाही झाला. होत होत झाला.’

हे होत होत कसे होते, ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे. पेशवाई १८१८ साली गेली, पुढे अनेक वाड्यांत भाडेकरू आले आणि एकेका वाड्यात आठ-नऊ बिऱ्हाडे सुखाने, म्हणजे भांडत, नांदू लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली. टंचाईच्या दिवसांत त्या कायद्याने गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर राखले, यात शंका नाही. पण कौलांचे भाव आणि सुताराची मजुरी काही १९४० सालात थांबून राहिली नाही. मालक म्हणे, ‘महिना १२ रुपये भाड्यात मी दुरुस्ती काय करू?’ भाडेकरू म्हणे, ‘घर माझे नाही, मी का करू?’ दोघांचेही म्हणणे बरोबर होते आणि त्या दोन बरोबरांच्या मधल्या फटीतून पाणी आत येत होते. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. १२ रुपयांवर ४ टक्के म्हणजे ४८ पैसे. त्यात कौल तर सोडाच, कौलाचा तुकडाही आला नसता.

मी ‘पाणी’ म्हणालो ते अलंकारिक अर्थाने नव्हे. वाड्याला वय मारीत नाही, पाणी मारते. पूर्वी दर वर्षी वैशाखात शाकारणी होत असे. माणूस छपरावर चढे, माकडांनी आणि मांजरांनी सरकवलेली कौले जागेवर बसवी, फुटलेली बदली आणि उतरताना ताक मागून पिई. हे काम दोन दिवसांचे. ते एक वर्ष चुकले की एखादे कौल सरकलेलेच राहते. त्यातून आलेले पाणी खाली टपकले तर बरे, निदान कुणी बादली ठेवतो. पण ते वाशावरून गुपचूप घरंगळते आणि तुळई जिथे खांबात बसते त्या जोडात जाऊन मुरते. सागवान पाण्यात टिकते, उन्हातही टिकते. परंतु आज ओले, उद्या कोरडे, हा खेळ त्याला वर्षानुवर्षे सोसत नाही. जोड कुजतो. तुळई अर्धा बोट खाली येते. तिच्यावरची विटांची भिंत पोट काढते. फटीत पाखरू पिंपळाचे बी टाकते आणि पुढचे काम पिंपळ करतो. एवढा मोठा वाडा, पण त्याच्या मरणाची सुरुवात वीतभर कौलाने होते.

ही सगळी विद्या मी मोठ्या रुबाबात पाहुण्यारावळ्यांना सांगत असे. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मात्र माझा रुबाब उतरला.

त्या दिवशी एका पेठेतल्या वाड्यात मी असाच शिरलो. पुढचा सोपा अर्धा कोसळलेला. देवडीत विजेच्या नऊ मीटरची फळी, तारा तुटून लोंबत होत्या. चौकात तुळशीवृंदावन होते, तुळस नव्हती. मी छपराचा कोपरा न्याहाळत उभा होतो, एवढ्यात मागून प्रश्न आला.

“कोण पाहिजे?”

हातात केरसुणी घेऊन एक वृद्ध बाई उभ्या होत्या. मी गडबडलो. “कुणी नाही, आजी. सहज वाडा बघायला आलो होतो. मला वाटलं, रिकामा आहे.”

“आजी काय म्हणता? तुमचे केस माझ्याहून पांढरे आहेत. आणि रिकामा म्हणून कुणी सांगितलं तुम्हांला? मी काय भूत आहे?”

मी चटकन देवडीकडे पाहिले. नऊ मीटरपैकी एकावर लाल दिवा लुकलुकत होता. इतकी वर्षे वाडे वाचणाऱ्या माणसाला तेवढे वाचता आले नव्हते.

बाईंनी पाणी दिले. मागच्या दोन खणांत त्या एकट्या राहत होत्या. लग्न होऊन आल्या त्या याच वाड्यात. बाकीची आठ बिऱ्हाडे एकेक करून गेली. मालक भाडे घेईना, म्हणून यांनी वर्षानुवर्षे मनिऑर्डर करायची आणि ती परत यायची. दोन खणांची जमीन लख्ख होती. त्यांच्या उंबऱ्यापासून चौकाच्या मध्यापर्यंत रोज केर काढलेला स्पष्ट दिसत होता. मधोमध एक रेघ होती, तिच्या अलीकडे घर आणि पलीकडे ओसाडी.

“बघायला पुष्कळ येतात हो,” त्या म्हणाल्या. “मागं कॉलेजातली मुलं आली होती. वहीत चित्रं काढली, छान आहे म्हणाली. त्यातल्या एकाला म्हटलं, बाबा, एवढा उंच आहेस, ते तेवढं कौल सरकव. तर म्हणतो, नको आजी, पडेल!” आणि मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने त्यांनी विचारले, “तुम्ही काय करता, वाडे बघून?”

मला उत्तर सुचले नाही. मी पेला खाली ठेवला आणि दिंडीतून बाहेर पडलो.

उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही, ते सांगण्यासारखे नव्हते. आमचाही एक वाडा होता. त्याला अकरा वाटेकरी. १९८८ च्या मे महिन्यात थोरले चुलतबंधू माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आले. वायव्येच्या कोपऱ्यावरचे छप्पर शाकारायचे आणि दोन वासे बदलायचे, खर्च ९,९०० रुपये, म्हणजे दरेकी ९००. मी तेव्हा कोथरुडात ब्लॉक घेऊन राहत होतो. मी म्हणालो, “दादा, ज्यांच्या खोलीवर गळतं त्यांनी द्यावं. आम्हांला काय त्याचं?” माझे हे म्हणणे इतरांना इतके पटले की कुणीच पैसे दिले नाहीत. दादांनी चिठ्ठीची घडी घातली, चहा घेतला आणि ते गेले. पाच पावसाळ्यांनंतर तो कोपरा पडला. सुदैवाने त्या रात्री खोलीत कुणी नव्हते. मग इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागली, बिऱ्हाडे गेली, बांधकाम व्यावसायिकाच्या कागदावर अकरा सह्या झाल्या. माझी सही सातवी. दादांची शेवटची. आता तिथे खाली मोटारी उभ्या राहतात.

मी लोकांचे वाडे हिंडतो ते इतिहासाच्या ओढीने, असे मी इतकी वर्षे सांगत आलो. पण कुठल्याही वाड्यात शिरलो की माझी नजर सर्वांत आधी छपराच्या वायव्य कोपऱ्याकडे जाते, हे मला त्या बाईंच्या प्रश्नानंतर घरी परतताना प्रथमच जाणवले.

त्यानंतर चार महिन्यांनी आमच्या सोसायटीची सभा होती. चोवीस ब्लॉकांची आमची इमारतही आता तरुण राहिलेली नाही. गच्ची गळते, वरच्या मजल्यावरच्या चार घरांत भिंतींना पोपडे धरले आहेत. खर्चाचा आकडा वाचून झाला, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, “ज्यांच्याकडे गळतं त्यांनी द्यावं. आम्हांला काय त्याचं?”

शब्दसुद्धा तेच! मी दचकलो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे थेंबही येत नाही. तरी माझा हात वर गेला. “माझा वाटा मी उद्या सकाळी देतो,” मी म्हणालो. सभेत शांतता पसरली. सौभाग्यवतींनी माझ्या कपाळाला हात लावून पाहावा की काय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. मग तिसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, “माझाही घ्या.” पावसाळ्याआधी गच्चीचे काम झाले. दोन घरांची बाकी अजून येणे आहे, पण तेवढे चालायचेच.

त्याच वैशाखात मी कौले शाकारणारा एक म्हातारा कारागीर शोधून काढला आणि त्याला घेऊन बाईंच्या वाड्यात गेलो. “मी राहते तेवढ्यावरचंच करा,” त्यांनी बजावले, “आणि निम्मे पैसे माझे.” कारागीर वर चढून पाहून म्हणाला, “साहेब, असली कौलं आता बाजारात मिळायची नाहीत. पडलेल्या सोप्यातली धड असतील ती द्या, धुऊन लावतो.” तेव्हा ओसाड वाड्यातले काहीही उचलायचे नाही हा माझा नियम मी जन्मात पहिल्यांदा मोडला. दुपारभर ढिगाऱ्यातून कौले निवडून मी त्याला देत होतो. संध्याकाळी तो उतरला आणि बाईंनी त्याच्यासाठी ताक आणले.

तो वाडा राहणार नाही, हे मला कळते. पुढचा भाग गेला आहे, मागचाही कधीतरी जाईल. सह्यांचे कागद कुठेतरी तयार होत असतील. पण गेल्या पावसाळ्यात त्या दोन खणांत पाणी आले नाही.

दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेलो. संध्याकाळ झाली होती, देवडीत काळोख होता. दिंडीतून वाकून आत आलो, तो डाव्या हाताच्या दिवळीत एक पणती मिणमिणत होती. चौकातली ती केराची रेघ आता दरवाजापर्यंत आली होती. मागच्या खणांतून आवाज आला.

“आलात का? मग येता येता त्या पणतीत तेल घाला. बाटली तिथंच कोनाड्यात आहे.”